भिंतीवरचा जिल्हा

संभाजीनगरला आठवडाभर राहून मी वेरूळ पाहिलं नाही, अजिंठा पाहिला नाही, आणि बीबी का मकबरा पाहिला तो धावत्या रिक्षातून, तोही रिक्षावाल्यानं बोट दाखवलं म्हणून. चिपळूणला परत आल्यावर हे ऐकून शेजारच्या वहिनींनी कपाळाला हात लावला. "मग पाहिलंत तरी काय?" म्हणाल्या. मी म्हटलं, "एक तक्ता पाहिला." त्यांनी घाईघाईनं नारळाच्या भावाचा विषय काढला. माझं डोकं प्रवासानं हललंय असं त्यांना वाटलं असावं. पण मी खरं तेच सांगितलं होतं. जन्म सगळा शाळेत गणित शिकवण्यात गेला, तक्ते काही कमी पाहिले नाहीत, तरी असा तक्ता पाहिला नव्हता. तो न पाहिलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

उस्मानपुरा

शर्वरी ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. अर्थशास्त्र शिकली, आणि आता संभाजीनगरच्या एका लहानशा संशोधन संस्थेत काम करते. उस्मानपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहते. स्टेशनवरून मला आणणारा रिक्षावाला मोठा गप्पिष्ट होता. "बैठो खाला, भतीजी के घर जारे ना? घर के सामनेच छोड देतूं," म्हणाला, आणि वाटेत त्यानं माझ्या सात पिढ्यांची चौकशी केली. कोकणात रिक्षावाला सुट्ट्या पैशांपलीकडे बोलत नाही. मला हे फार आवडलं.

दारात पाऊल टाकते तोच शर्वरी ओरडली, "आत्या, तिकडून नको! तिथं सरकार वाळतंय!"

खाली पाहिलं तर फरशीवर ड्रॉइंगचा मोठा कागद पसरलेला, त्यावर शाईनं आखलेले चौकोन, आणि डोक्यावर ठळक अक्षरांत 'सरकार'. मी आमसुलांची पिशवी छातीशी धरून सरकारला वळसा घातला. मग मान वर केली आणि तिथंच थांबले. हॉलची अख्खी भिंत, पार छतापासून जमिनीपर्यंत, असल्याच कागदांनी झाकलेली होती. सोफा नाही, टीव्ही नाही. सगळी भिंत चौकोनांची.

"हा आमचा जिल्हा," शर्वरी म्हणाली. आपलं बाळ दाखवावं तसं तिनं ते दाखवलं.

संस्थेनं तिला जिल्ह्याचा सामाजिक लेखा तक्ता करायला दिला होता. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. डाव्या बाजूला वरून खाली नावं लिहायची: शेती, कारखाने, दुकानं, कापड, धान्य, वेगवेगळ्या प्रकारची घरं, सरकार, आणि शेवटी बाहेरचं जग. तीच नावं त्याच क्रमानं माथ्यावरही आडवी लिहायची. मग एखाद्या नावाची आडवी ओळ वाचली की त्याच्याकडे पैसे कुणाकडून आले ते कळतं, आणि त्याच नावाची उभी ओळ वाचली की त्याचे पैसे कुठं गेले ते कळतं. कापूस वेचणाऱ्या बाईची मजुरी एकदाच लिहायची. उभी वाचली तर तो शेतीचा खर्च, आडवी वाचली तर बाईच्या घराची मिळकत.

"आणि नियम एकच," ती म्हणाली. "प्रत्येक नावाची आडवी बेरीज आणि उभी बेरीज सारखी यायला हवी. प्रत्येकाची. कारण एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याची मिळकतच. जिल्ह्यातला एकही रुपया हवेत जाऊ शकत नाही."

तिनं चहा दिला तो हातातच निवला. मी त्या चहाचंच गणित भिंतीवर शोधत होते. दूध गोठ्यातून आलं, म्हणजे शेतीच्या ओळीतून. साखर कन्नडकडच्या कारखान्यातून. चहाची पूड बाहेरच्या जगातून. आणि गॅस, आणि कप, आणि हे सगळं विकणारा कोपऱ्यावरचा दुकानदार, त्याच्या मुलीची फी, त्या फीतून निघणारा मास्तरणीचा पगार. माझ्यासारखीचा! एका कपातून निघाले ती जिल्हाभर फिरून शाळेच्या पगारपत्रकापाशी पोचले. अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. माणसं एकमेकांवर जगतात हे आपण सभांमधून ऐकतो. इथं ते बेरजेला येत होतं.

या तक्त्याचा उपयोगही तिनं सांगितला. समजा एक वर्ष कापूस बुडाला, तर त्याचा फटका आधी कुणाच्या घरात पोचतो, मग कुणाच्या, आणि किती, हे मांडून पाहता येतं. कुठं धरणाचं पाणी सोडलं, कुठं रस्ता केला, तर कुणाच्या पदरात काय पडेल हे आधीच तपासता येतं. मात्र त्यासाठी घरं वेगवेगळी मांडावी लागतात. शर्वरीनं पाच प्रकार केले होते: शेतमजुरांची घरं, शेतमालकांची, विणकरांची, नोकरदारांची आणि दुकानदारांची. दोन वर्षं ती आणि तिच्या सोबतच्या मुली गावोगाव फिरून या पाच तऱ्हेच्या घरांत प्रश्न विचारत होत्या.

आणि इथंच घोडं अडलं होतं. सगळी नावं जुळत आली होती, एक 'कापड' सोडून. घरांनी सांगितलेला कपड्यालत्त्याचा खर्च दुकानांच्या आणि मागांच्या विक्रीपेक्षा कितीतरी जास्त येत होता. लोकांनी विकत घेतलेलं कापड कुणी विकलेलंच नव्हतं.

"आमचे संस्थेतले सर म्हणतात, घरांचे आकडे भरवशाचे नाहीत," शर्वरी म्हणाली. "पाचही घरं एकत्र करून एकच 'घरे' असं नाव ठेवायचं, आणि दुकानांच्या बाजूचा आकडा धरून बेरीज बसवायची. संगणक मिनिटात बसवतो. शनिवारी बैठक आहे. तोवर कापड जुळलं नाही तर पाचाचं एक."

"मग काय बिघडलं?"

ती माझ्याकडे वळली. डोळे एकदम लाल. "आत्या, मजूर आणि मालक एकाच ओळीत घातले, तर कापूस बुडाल्यावर कोण बुडालं हे कोण सांगणार? सगळ्यांची सरासरी काढली की कुणालाच काही झालेलं दिसत नाही."

मी तिला जवळ घेतलं. एवढ्यात उकडतंय म्हणून तिनं पंखा लावला, भिंतीवरची चिकटपट्टी सुटली, आणि वरची 'शेती' अख्खीच्या अख्खी खाली येऊन सरकारवर पडली. शाई ओली होती. दोघी आधी किंचाळलो आणि मग पोट धरधरून हसलो. ती संध्याकाळ शेती सोडवण्यात गेली.

पैठण

दुसऱ्या दिवशी कापडाच्या ओळीतली मागांची बाजू पुन्हा तपासायला शर्वरी पैठणला निघाली, मीही एसटीत बसले. बाहेर काळी सपाट जमीन, मध्येच उघडी टेकडी, आणि वेचणीला आलेला पांढरा कापूस. आमच्याकडे नजर टाकावी तिथं झाड आडवं येतं. इथं नजर जाते ती जातच राहते, मला सुरुवातीला चुकल्या-चुकल्यासारखंच झालं.

धरणाच्या भिंतीपाशी गेलो तेव्हा मात्र माझी वाचाच बसली. समुद्रापासून इतक्या दूर एवढं पाणी! पलीकडचा काठ दिसत नव्हता. लाटा येत होत्या, वारा येत होता, फक्त खारा वास तेवढा नव्हता, त्यामुळे नाकाची फसवणूक झाल्यासारखं वाटत होतं. "हे पाणी तक्त्यात कुठं आहे?" मी विचारलं. शर्वरीनं बसल्या जागी हिशेब सांगितला: पाणीपट्टी सरकारच्या ओळीत, ऊस आणि मासे शेतीच्या, आणि मुक्कामाला येणाऱ्या यात्रेकरूंची जेवणं दुकानांच्या. मी त्या पाण्याकडे पाहतच राहिले. आता ते मला हजार वाटांनी फुटलेलं दिसायला लागलं.

विणकराच्या घरी मागावर एक जांभळी पैठणी अर्ध्यावर आली होती. विणणाऱ्या रुक्मिणीताई माझ्याच वयाच्या. पदरावरचा मोर विणताना त्यांची बोटं इतकी हळू आणि इतकी नेमकी चालत होती की मी श्वास घ्यायचाच विसरले. महिनोन् महिने लागतात म्हणे. शर्वरीनं विक्रीचे आकडे पुन्हा विचारले, ते आधीसारखेच निघाले. मागाकडून काही चुकलेलं नव्हतं.

निघताना मी सहज म्हटलं, "तुमच्या घरच्या लग्नात तर सगळ्यांना पैठण्याच देत असाल!"

रुक्मिणीताईंनी तोंडाला पदर लावला. "काय बोलू लागल्या बाई! ही द्यायची म्हणलं तर मागच इकून द्यावी लागंल. आम्ही बी समद्यांसारख्या दुकानातल्याच देतो."

शर्वरीचा चेहरा मात्र उतरलेलाच राहिला. परतीच्या बसमध्ये तिनं एकदाही खिडकीबाहेर पाहिलं नाही. मी पाहिलं, आणि मला त्याचीच लाज वाटली.

लासूर स्टेशन

लासूरला जायचं कारण वेगळं होतं. शर्वरीनं ज्या घरांना प्रश्न विचारले होते त्यातलं एक कौसल्याबाईंचं. त्या नवऱ्याबरोबर दुसऱ्यांच्या शेतात राबतात. त्यांच्या लेकीला मुलगा झाला होता, त्याचं बारसं होतं, आणि शर्वरीला आग्रहाचं बोलावणं होतं. "तुमच्या आत्या आल्यात म्हनं, त्यास्नी घेऊनच या," असा फोनही आला. शर्वरीला कापड दुसरं काही सुचू देत नव्हतं. मीच तिला ओढून गाडीत बसवलं.

स्टेशनाबाहेर बाजार समितीकडे जाणारी कापसाची वाहनं उभी होती, वर इतका कापूस की ताडपत्री फुगून आलेली. तिथून थोडं चाललं की वस्ती. कौसल्याबाई दारातच सामोऱ्या आल्या. काटक बाई, हात कापसाच्या बोंडांनी ओरबाडलेले, आवाज मात्र खणखणीत.

"या वन्सं, या! लेकीची आत्या म्हंजी आमची ननंदच की वो. बसा हितं. लई लांबून आल्या!"

ओळख व्हायच्या आत नातं! आमच्याकडे आधी गाव, मग आडनाव, मग कुणाचे कोण, आणि तेवढ्यातून मन भरलं तर चहा. इथं मी पाटावर बसले तेव्हाच घरची झाले होते.

जेवायला येसर आमटी, भाकरी, भात आणि वांग्याची भाजी. येसर म्हणजे डाळी-धान्यं भाजून केलेला मसाला, लग्नकार्यात इकडे त्याचीच आमटी. पहिल्या घोटाला डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला मजा आली, आणि तिसऱ्या वाटीनंतर कौसल्याबाई हसून म्हणाल्या, "वन्सं आमच्याच हायत्या!"

पाळण्यात नाव ठेवलं, मग देणंघेणं सुरू झालं. आलेली प्रत्येक बाई बाळाला अंगडं-टोपडं आणि बाळंतिणीला साडी देत होती, आणि कौसल्याबाईंकडून कुंकू लावून साडी घेत होती. ज्यांच्या शेतात कौसल्याबाई कापूस वेचतात त्या मालकीणबाई मोटारीतून आल्या, थोडा वेळ टेकल्या, साडी दिली, साडी घेतली, बाळाला कौतुकानं खेळवून गेल्या. माझीही पाळी आली. शेवाळी रंगाची, चकचकीत काठाची साडी. मी नको नको म्हटलं. कौसल्याबाईंनी ऐकलं नाही. "रिकामं पाठवू व्हय ननंदला?" म्हणाल्या. मी घेतली. मीही चिपळूणहून आणलेली एक साडी बाळंतिणीला दिली.

परतताना मन कसं तुडुंब भरलं होतं. शर्वरी मात्र दाराला टेकून बाहेर बघत होती. तिनं सांगितलं नाही तरी मला दिसत होतं: उद्या शुक्रवार, परवा बैठक.

पुन्हा उस्मानपुरा

सकाळी शर्वरी भिंतीसमोर मांडी घालून बसली होती आणि मी बॅग आवरत होते. शेवाळी साडी मी बॅगेच्या तळाशी वेगळ्या पिशवीत घातली.

"ही नेसणार नाहीस?" तिनं मागं न वळता विचारलं.

"शेवाळी रंग आणि मला? भिंतीवर चढलेल्या शेवाळासारखी दिसेन. माझी मैत्रीण सुमन आहे ना, तिच्या सुनेचं डोहाळजेवण आहे पुढच्या महिन्यात. तिला होईल."

"म्हणजे तू कौसल्यामावशींची साडी सुमनमावशीच्या सुनेला देणार?"

"त्यात काय! बारशात मी दिली ती कुठं मी विकत आणलेली होती? ती मला शाळेतल्या बाईंच्या मुलीच्या लग्नात आलेली. अगं, देण्याघेण्याच्या साड्यांचा प्रत्येकीच्या कपाटात एक ढीग असतो. येते, जाते. कुणी नेसतं का त्या!"

शर्वरी वळली. माझ्याकडे असं पाहू लागली की मला वाटलं, पाल पडली की काय अंगावर.

"आत्या, समजा मी तुला विचारलं, या वर्षी कपड्यांवर किती खर्च झाला, देण्याघेण्यासकट? बारशातली साडी धरशील?"

"धरीनच की. एवढी हजाराची साडी दिली मी!"

"पण घेतली नाहीस."

"घेतली नाही, पण दिली ना?"

ती उठून उभी राहिली. मग बसली. मग पुन्हा उठली आणि चक्क स्वतःच्या गालात चापट मारून घेतली. त्यांच्या प्रश्नावलीत अगदी हाच प्रश्न होता: कपड्यालत्त्यावर झालेला खर्च, देण्याघेण्यासह. आणि प्रत्येक घरानं प्रामाणिकपणे दिलेल्या साड्यांची किंमत सांगितली होती. दुकानातून एक साडी निघते, एका घरात येते, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या घरी जाते, आणि प्रत्येक घर म्हणतं, आमचा एवढा खर्च झाला. दुकानदारानं विकली एकदाच.

"कुणी खोटं बोललं नव्हतं," शर्वरी म्हणाली. "आम्हीच आहेराला खरेदी समजलो."

मी पलंगावर बसले. त्या पाच घरांमधून फिरणाऱ्या साड्या मला एकदम दिसायलाच लागल्या. गावं ओलांडत, रेल्वेनं, एसटीनं, मोटारीनं, कुणाच्याही अंगाला न लागता, घडी न मोडता, फक्त 'आम्ही तुमचे आहोत' एवढंच सांगत हिंडणाऱ्या. इतकी वर्षं मी त्यांना नावं ठेवली, त्यांच्या जरीला हसले. आज त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटले. चिपळूणची साडी लासूरला आणि लासूरची चिपळूणला, आणि हे सगळं कुठल्याही बाजारपेठेला पत्ता लागू न देता!

तक्त्यात यासाठी जागा होतीच. पाच घरांच्या आडव्या ओळी आणि पाच घरांच्याच उभ्या ओळी जिथं एकमेकींना छेदतात, ते चौकोन. कोणत्या घराकडून कोणत्या घराला काय गेलं, ते तिथं लिहायचं. शर्वरीच्या भिंतीवर ते सगळे चौकोन कोरे होते.

दिवसभर फोन चालले. शर्वरी आणि तिच्या सोबतिणींनी घरं वाटून घेतली. प्रश्न दोनच: दिलेल्यातल्या नव्या विकत आणलेल्या किती आणि कपाटातल्या किती? आणि कुठल्या घरी कुठली दिली? आधी बायका लाजायच्या, मग खो खो हसायच्या, आणि मग सगळं सांगायच्या. संध्याकाळी शहरात राहणाऱ्या त्या मालकीणबाईंकडे आम्ही स्वतःच गेलो. मोठ्या मनाच्या बाई. सीताफळं फोडून पुढं ठेवली आणि कपाट उघडून दाखवलं.

"हे बघा. कधी संपायच्या या? कामावरच्या बायकांकडे कार्य असलं की यातलीच देते. त्यांना चालतं."

"आणि त्या तुम्हाला देतात त्या?"

"त्याही यातच येतात," त्या म्हणाल्या, आणि वरच्या थरावर थोपटलं.

बाहेर येऊन शर्वरीनं कौसल्याबाईंना फोन लावला. मालकीणबाईंना कालची साडी कपाटातली दिली का, असं तिनं भीत भीतच विचारलं. फोन कानापासून लांब धरावा लागला.

"कपाटातली? त्यांना? काय बोलू लागली पोरी! तालुक्याच्या दुकानातून नवी आनली. मोठ्या घरची बाई दारात आली, तिला दुसऱ्याची देऊ व्हय? माझ्या जिवाला लाज नाय का? तुझ्या आत्याला बी नवीच दिली."

त्या शेवाळी साडीला मी तोंड वाकडं केलं होतं, आणि ती ओरबाडलेल्या हातांनी वेचलेल्या कापसाच्या मजुरीतून आली होती.

फोन ठेवून शर्वरी गुलमंडीच्या गर्दीत तशीच उभी राहिली. दोन्ही बाजूंना साड्यांची दुकानं, दिव्यांचा झगमगाट. "आत्या," ती हळू म्हणाली, "नवी साडी खालून वर जाते. जुनी वरून खाली येते. सगळीकडे तसंच सांगतायत." मी त्या दुकानांकडे पाहिलं. त्या क्षणी मला तिथली प्रत्येक घडी कुणाच्या तरी घराकडे निघालेली दिसत होती, आणि मी थक्क होऊन लहान मुलासारखी तिथंच थांबले. मागून एका दुचाकीवाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा कुठं भानावर आले.

बैठक

संस्थेच्या सभागृहात मला मागच्या खुर्चीवर बसायची परवानगी मिळाली. सर म्हणजे कुणी खलनायक असतील अशी माझी समजूत होती. निघाले साधे, पांढऱ्या केसांचे, बोलायला मऊ गृहस्थ. मला पाहून त्यांनी स्वतः उठून खुर्ची दिली. त्यामुळे मला त्यांचा रागही धड करता येईना.

शर्वरीनं नवा कागद लावला. आहेराचे आकडे खरेदीतून वेगळे काढल्यावर घरांची बाजू आणि दुकानांची बाजू जवळजवळ येऊन टेकली होती. थोडं अंतर होतं, पण ते असतंच, असं सरच म्हणाले. मग ते उठून कागदापाशी गेले, चष्मा कपाळावर ढकलला आणि घरांच्या त्या चौकोनांवर बोट ठेवलं. काल कोरे होते ते आज भरलेले होते.

"हे उलटं लिहिलंय का?" त्यांनी विचारलं. "मजुरांच्या घराकडून मालकांच्या घराला?"

"उलटं नाही, सर."

"आपण या घरांना नेहमी घेणारी बाजू म्हणून मांडतो. मजुरी घेतात, रेशन घेतात, सरकारी मदत घेतात."

"ते सगळं घेतात, सर. तेही लिहिलंय. पण देतात का, हे आपण कधी विचारलंच नव्हतं." तिनं पाचही घरांच्या ओळींवरून बोट फिरवलं. "आणि पाचाचं एक घर केलं, तर हे सगळे चौकोन जातील. एकाच घरानं स्वतःलाच साडी दिली असं होईल."

सर एकेक चौकोन वाचत गेले. मी पदराचं टोक पिळत होते. वर्गात मुलांच्या निकालाच्या वेळीही माझी अशी गत कधी झाली नव्हती. शेवटी ते कागदाकडे पाठ न करता, अगदी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "इतकी वर्षं तक्ते करतो आहे. हा कोपरा आम्ही दरवेळी शून्य लिहून पुढं जातो." मग शर्वरीकडे वळले. "पाच घरं राहू द्या. आणि हा कोपरा पुन्हा नीट विचारून, वेळ घेऊन भरा. मुदत मी वाढवून घेतो."

शर्वरीनं मागं माझ्याकडे पाहिलं. मी भर सभेत डोळे पुसले. मला त्याचं काही वाटलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर येतोय तोच कौसल्याबाईंचा फोन. त्यांना बैठकीचं ठाऊक होतं. शर्वरीनं फोन स्पीकरवर लावला.

"काय झालं गं? पास झाली का?"

"झाले मावशी! तुमचं घर वेगळं राहिलं. मालकांच्या घरात मिसळलं नाही."

"आसं? मग काय काय लिवलं आमच्या घराचं?"

"मजुरी मिळाली ती लिहिली, रेशन मिळालं ते लिहिलं, मदत आली ती—"

"थांब," कौसल्याबाई म्हणाल्या. "घेतल्यालंच समदं सांगू लागली. आन् दिल्यालं?"

"दिलेलंही लिहिलंय, मावशी. सगळ्यांनी वाचलं आज."

पलीकडे बाळ रडलेलं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "व्हय ना? मग आता कुनाला बी दाखव."